पोट मधूनच का कापलंत?

कुठल्या महाभागाने ठरवलं हो की टेबलावरच्या युद्धखेळासाठी घरी जोडून रंगवायच्या एवढ्या धिप्पाड राक्षसाच्या मॉडेलचं पोट बरोब्बर मधोमध, म्हणजे जिथून आतडी बाहेर लोंबतायत त्याच रेषेत कापून दोन तुकड्यांत द्यायचं? पाठीतून कापा ना! पाठीकडे कोण बघतंय? काखेतून घ्या, ढुंगणावरून घ्या, तिथे इतके फोड न् पुटकुळ्या आहेत की अख्खा जोड गडप झाला असता. पण नाही. आतड्याचं एकूणएक वेटोळं कापत ती फट जाते आणि डावीकडची बाजू उजवीपेक्षा नखभर खाली. रेझिन आहे, वाकलं असेल, गरम पाण्यात घाला, सरळ करा, लगेच गार पाण्यात टाका, माहितीय मला, सगळं करून झालं, चहाचं पातेलं कायमचं गेलं त्यात. पोट सरळ झालं तर जबडा बसेना. जबडा बसवला की पोट उघडं. आणि सूचना म्हणून डब्यात काय, तर एक फोटो. समोरून काढलेला. सगळे अवघड जोड मागच्या बाजूला आणि फोटो समोरून, वा!

बरं, तोंडाचा आतला भाग आधी रंगवूनच जबडा चिकटवावा लागतो, कारण नंतर दातांच्या फटीतून ब्रश जातच नाही. म्हणून मी इमानदारीत जीभ रंगवली. गुलाबी बेस, त्यावर जांभळट वॉश म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, मग टोकाला जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट ड्रायब्रश, वरून ग्लॉस म्हणजे लाळेने ओली दिसावी. इतकी किळसवाणी जीभ झाली होती की मलाच जेवण गेलं नाही. मग परवा रात्री सुपरग्लू लावून, रबर बँड आवळून ठेवला. बाहेर धो धो पाऊस, घरातल्या भिंतींना ओल, मीठसुद्धा बरणीत पाझरतंय. सकाळी बघतो तर जिभेवर पांढरी बुरशी! बुरशी कसली, ग्लूची वाफ, दमट हवेत तिचा पांढरा थर बसतो, आणि बसायला तिला सगळा देह सोडून तीच जागा मिळाली जिथे आता ब्रश पोचत नाही. वरून वॉश किंवा वार्निश मारलं की तो थर झाकतो म्हणे. मारू कुठून? नाकातून?

काल रात्रीचा दीड वाजला होता, कपाळाला टॉर्च बांधून, शून्य-शून्य नंबरचा ब्रश सुळ्यांच्या मधून घुसवत होतो, आणि आई पाणी प्यायला उठली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "त्याचे घासून झाले असतील तर स्वतःचे घास आणि झोप."

यावर काय बोलणार. चाळिशी जवळ आली, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि मी सैतानाच्या जिभेवरची पांढरी साय काढतोय.

पण राग गेला नाही हां. ती "दोन पातळ थर द्या" म्हणणारी मंडळी कुठायत? पिवळ्याला द्या दोन पातळ थर, काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, मग बोलू. आणि पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारून दाखवा, पिठासारखा खरखरीत बसतो, म्हणजे जून ते सप्टेंबर आम्ही हॉबी बंद ठेवायची का? त्या वॉशच्या बाटल्या वेगळ्याच, नुसतं रोखून बघितलं तरी कलंडतात. ग्रीन स्टफ म्हणजे फटी भरायची पुट्टी, ती पिवळं-निळं मळून हिरवं होईपर्यंत बोटाला चिकटतं, फट सोडून सगळीकडे चिकटतं. ते संपलं म्हणून एम-सील घेतलं, पण ते बिचारं नळाची गळती थांबवायला बनलंय, त्यात आतड्याच्या सुरकुत्या कोरायच्या म्हणजे मी कोण, शिल्पकार? दाताच्या टोकांना हवेचे बुडबुडे होते तेही भरले. कोणी विचारलं नाही, तरी सांगतोय.

आणि यातलं काहीच केलं नाही तर? क्लबात ज्याची आर्मी बिनरंगाची त्याचे शंभरातले १० पॉइंट जातात. म्हणजे रंगवा. आणि रंगवून टेबलावर ठेवा की समोरचा पहिल्याच टर्नला सगळ्या तोफा याच्यावरच वळवणार, कारण दिसायला तो एवढा भारी! बाजूचे ते करड्या प्लास्टिकचे बिनरंगी शिपाई पाचव्या राउंडपर्यंत मजेत जगतात. मी तर आता मानतो की फासे टाकतानाच कळतं त्यांना कोण ताजं रंगवलेलं आहे ते.

डाव्या खांद्याला अजून हात लावलेला नाही. तिथे खाच चौकोनी आहे आणि हाताची खुंटी गोल. चौकोनात गोल! बाहेरच्या देशातून मागवलं, कस्टम भरलं, त्यासाठी. ज्या कुणाचा हा खांदा निमूट बसलाय त्याने कृपया मला सांगू नये, आज तरी नको. बाकी ज्यांचा बसला नाही त्यांनी रविवारी या, पिन वाइस म्हणजे हाताने फिरवायचं बारीक ड्रिल मी देतो, शिव्या आपापल्या आणा.