सूर्यास्त गेला कापडाच्या दुकानात

पुण्याहून राजस्थानच्या सहली नेणाऱ्या एका कंपनीने माझ्या ७६ वर्षांच्या आईचा वाळवंटातील सूर्यास्त कापडाच्या दुकानात घालवला, आणि परत येऊन महिना उलटला तरी माझा संताप शमलेला नाही.

आईने शाळेत ३० वर्षे भूगोल शिकवला. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची आणि आडोशाची बाजू तीव्र उताराची, ही वालुकागिरीची, म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकडीची, आकृती तिने फळ्यावर असंख्य वेळा काढली, पण प्रत्यक्ष टेकडी कधी पाहिली नव्हती. म्हणूनच एरंडवण्यातील सहलपूर्व बैठकीत मी मुद्दाम उभी राहून विचारले होते की, वाळूच्या टेकड्या असलेल्या सम या गावी आपण किती वाजता पोहोचणार. ‘साडेचार’ हे उत्तर सर्वांसमोर मिळाले आणि छापील कार्यक्रमातही तीच वेळ होती.

सम जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, म्हणजे बसने तासभर तरी हवाच. जैसलमेर पुण्याच्या पश्चिमेला असल्याने तेथे सूर्य बराच उशिरा मावळत असेल, असे वाटू शकते. परंतु ते उत्तरेलाही असल्यामुळे डिसेंबरात तेथील दिवस आपल्यापेक्षा लहान असतो आणि सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. प्रवाशांना हे ठाऊक नसले तर एकवेळ चालेल, पण हंगामभर तेथे बस नेणाऱ्या व्यवस्थापकाला ते ठाऊक नव्हते, हे मी कदापि मानणार नाही. तरीही साडेतीनला बस एका दुकानापुढे थांबली. कार्यक्रमात त्या दुकानाचा उल्लेखसुद्धा नव्हता! ‘वीस मिनिटे’ म्हणून आत नेलेल्या आम्हा चाळीस जणांपुढे चादरींचे ढीग उलगडले जात होते, मी तीनदा घड्याळ दाखवले, आणि तिन्ही वेळा ‘ताई, सगळ्यांचं होऊ द्या’ एवढेच ऐकावे लागले. आम्ही निघालो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

सूर्य वाटेतच, पवनचक्क्यांच्या मागे, बसच्या धुळकट काचेतून मावळताना दिसला. आई काहीच बोलली नाही.

सूर्य क्षितिजाला टेकत असताना तिरपा प्रकाश पडतो, म्हणून वाळूवरच्या प्रत्येक लाटेला स्वतःची सावली मिळते आणि वाऱ्याने केलेले सारे काम डोळ्यांना दिसते. नेमके तेच पाहण्यासाठी आई एवढ्या लांब आली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळे करडे आणि सपाट झाले होते, उरलेल्या लाटा जीपच्या चाकांनी मोडल्या होत्या, आणि तंबूंकडून ध्वनिक्षेपकांचा असह्य गोंगाट येत होता. आईने वाकून वाळूला हात लावला. ती एव्हाना गार पडली होती.

तक्रार केली तेव्हा कंपनीने पुढच्या सहलीत दहा टक्के सवलत देऊ केली. मला सवलत नको आहे, दुकानातील थांब्याची लेखी कबुली हवी आहे. दोन स्मरणपत्रे पाठवली, त्यांपैकी एकालाही उत्तर आलेले नाही.