कॉलेजात सिनेमा दाखवायला परवानगी लागते का?

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजातला सिनेमाचा खेळ ऐनवेळी रद्द झाला. प्रोजेक्टर लागला होता, खिडक्यांना काळे पडदे लावून झाले होते, पोरं डबे उरकून पुढच्या बाकांवर जागा धरून बसली होती. तेवढ्यात कुणीतरी ऑफिसात जाऊन म्हणालं, "कॉपीराइटची केस होईल." एवढ्यावर हॉलला कुलूप लागलं. पोरांचे पडलेले चेहरे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून लिहितोय.

१९५७ चा कॉपीराइट कायदा इतका कडक नाही. त्याच्या कलम ५२ मध्ये अपवाद दिलेत. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवला आणि बघायला फक्त तिथले विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असली, तर तो हक्कभंग ठरत नाही. निर्मात्याची परवानगी नको, फी नको. कायद्याने उघडं ठेवलेलं दार आपण आतून कडी लावून बसलोय.

पण आमच्या कोल्हापूरच्या बिंदू चौकात फ्लेक्स लावून 'सर्वांना मुक्त प्रवेश' लिहिलं की ही सवलत संपली. तिकीट नाही म्हणजे चालतंय, हा समज चुकीचा आहे. इथे प्रश्न पैशांचा नाही, समोर कोण बसलंय याचा आहे.

आणि सिनेमा आणला कुठून? यावर मला जास्त बोलायचंय. पेनड्राइव्हवरची चोरीची कॉपी मी एकदा वर्गात बघितली आहे. खाली सट्ट्याच्या ॲपची पट्टी सरकत होती, मध्येच थिएटरात उठलेल्या माणसाचं डोकं पडद्यावर आलं. आपण प्रकाशयोजना शिकवत होतो, आणि दिसत होता नुसता करडा चिखल. कायद्याची सवलत दाखवण्याला आहे, चोरून उतरवून घेण्याला नाही. ज्यांनी रात्री जागून तो सिनेमा केला त्यांच्या कष्टाचा मान आपणच राखायचा नाही, तर पोरांना काय शिकवणार? डीव्हीडी विकत घ्या. ओटीटीचं खातं बहुतेक घरगुती वापरापुरतं असतं, त्याच्या अटी वाचा. काही माहितीपटांना शैक्षणिक खेळाची मुभा असते, तसं तिथे लिहिलेलं असतं.

जुन्या सिनेमांना तर एवढीही अडचण नाही. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली आलेल्या सिनेमाचा २०२० अखेर संपला. आता आपल्या गावाकडे बघा. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथे कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. मधल्या काळात, १९३२ मध्ये, 'अयोध्येचा राजा' इथेच तयार झाला. हरिश्चंद्र झालेले आणि संगीत देणारे गोविंदराव टेंबे आपल्याच कोल्हापूरचे. त्या सिनेमाचा हक्क कधीच संपलाय. खरी कॉर्नरला सिनेमाच्या आठवणीत उभारलेल्या कॅमेरा मानस्तंभाजवळून आमची पोरं रोज गाड्या काढतात, आणि त्यातल्या एकानेही तो सिनेमा पाहिलेला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोमवारी प्राचार्यांना अर्ज देतोय. सोबत कलम ५२ ची छापील प्रत, दारावर ओळखपत्र तपासायला दोन विद्यार्थी, बाहेर फ्लेक्स नाही. पहिला खेळ 'अयोध्येचा राजा'चा मागितलाय. दुसऱ्या कॉलेजातल्या कुणाला अर्जाचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, पाठवतो.