रन बटण आहे म्हणून टर्मिनल नको? थांबा जरा

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की प्रोग्राम कंपाइल करायला (म्हणजे कोड मशीनला चालवता येईल असा बनवायला) टर्मिनल, ती कमांड टाइप करायची काळी स्क्रीन, उघडणं हे जुन्या जमान्यातलं काम, आता आयडीईत (कोड लिहायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रन बटण आहे, ते सगळं स्वतःच करतं, टर्मिनलवरचे एरर कळत नाहीत, ढीगभर कमांड पाठ कराव्या लागतात, वेळ जास्त जातो आणि कंपनीत तसंही कोणी हे वापरत नाही. फर्स्ट इयरची पोरं हे वाचून खरंच टर्मिनलचा नाद सोडतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"बटण सगळं स्वतःच करतं." नाही करत. कोडब्लॉक्स या आयडीईत बिल्ड दाबलं की मागे जीसीसी हा कंपायलरच चालतो, बिल्ड लॉगमध्ये फुल कमांड लाईन दाखवायची सेटिंग असेल तर ती अख्खी कमांड तिथे वाचताही येते. अगदी टर्बो सी, जे आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत अजून डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालतं, त्याच्याही बिन फोल्डरमध्ये टीसीसी नावाचा कमांड लाईन कंपायलर पडलेला असतो. आणि व्हीएस कोड तर नुसता एडिटर आहे, त्यात सीचा कंपायलर येतच नाही. पोरं तो इन्स्टॉल करतात, बटण दाबतात, मग "जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड" असं येतं आणि लॅपटॉपच खराब आहे असं वाटायला लागतं. खरं कारण एवढंच की कंपायलर टाकलेलाच नाही, किंवा टाकलाय पण त्याचं फोल्डर पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, नाही. कोड रनर एक्स्टेन्शनचंही तसंच, ते आउटपुट टॅबमध्ये प्रोग्राम चालवतं, तिथे टाइप करता येत नाही, त्यामुळे स्कॅनएफ (युजरकडून इनपुट घेणारं फंक्शन) आला की प्रोग्राम हँग झाल्यासारखा दिसतो. टर्मिनलमध्ये चालवायची सेटिंग ऑन केली की चालतो, म्हणजे बटणवाल्यांनाही शेवटी टर्मिनलच लागलं.

"एरर कळत नाहीत." एरर तोच असतो हो, शब्दन् शब्द तोच! फाईलचं नाव, लाईन नंबर, कॉलम, मग तक्रार. एक ब्रॅकेट राहिला तर खाली वीस एरर ओततात, म्हणून सगळ्यात वरचा आधी वाचायचा, तो सुधारला की खालचे बरेचसे आपोआप जातात. पण खरा फायदा पुढे आहे. लिनक्सवर कोणीतरी युजरकडून आकडा घेऊन त्याचं वर्गमूळ काढायचा प्रोग्राम लिहितो आणि "अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी" येतं. मॅथ डॉट एच इन्क्लूड केलंय, स्पेलिंग बरोबर आहे, कोडमध्ये शोधून शोधून जीव जातो, आणि सापडत नाही कारण चूक कोडमध्ये नाहीच. मॅथ डॉट एचसारखा हेडर फक्त सांगतो की असं एक फंक्शन आहे, त्याचा खरा कोड वेगळ्या लायब्ररीत असतो आणि ती जोडायचं काम लिंकरचं. कमांडच्या शेवटी डॅश एलएम (-lm) लावा, काम झालं. शेवटीच लावा, फाईलच्या नावाआधी लावलं तर उबुंटूवर तोच एरर पुन्हा येतो. कंपाइल वेगळं, लिंक वेगळं, रन वेगळं, आणि आपला प्रोग्राम यातल्या कुठल्या पायरीवर अडकला हे बटणाच्या एका क्लिकमध्ये दिसतच नाही.

"ढीगभर कमांड पाठ करा." सुरुवातीला चार-पाच पुरतात. फोल्डर बदलायची सीडी, यादी बघायची एलएस किंवा विंडोजवर डीआयआर, जीसीसी आणि फाईलचं नाव, डॅश ओ देऊन आउटपुटचं नाव (नाही दिलं तर लिनक्सवर ए डॉट आउट बनतं), आणि डॅश डब्ल्यू ऑल (-Wall, सलग), जो इफमध्ये दोनाऐवजी एकच बरोबरचं चिन्ह टाकलं की लगेच वॉर्निंग देतो. हा मात्र कायम लावाच. लिनक्सवर रन करताना पुढे डॉट-स्लॅश लागतो, कारण चालू फोल्डर पाथमध्ये मुद्दाम ठेवलेलं नसतं, नाहीतर कोणीही एलएस नावाची घातक फाईल तिथे टाकून ठेवेल आणि आपण ती चालवून बसू. जावामध्ये जावासी या कंपायलरला फाईलचं नाव द्यायचं डॉट जावासकट, पण नंतर रन करताना जावा या कमांडला नुसतं क्लासचं नाव. तिथे डॉट क्लास लावलं की "कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास" आलंच. २०१८ च्या जावा ११ पासून एका फाईलचा प्रोग्राम असेल तर जावाला थेट डॉट जावा फाईल दिली तरी चालतं.

"कंपनीत कोणी वापरत नाही." सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडून) शिरल्यावर, डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवणाऱ्या टूलच्या) आत, किंवा कोड पुश केल्यावर जिथे आपोआप बिल्ड होतो त्या मशीनवर रन बटण नसतं. तिथे कमांडच लिहावी लागते. आयडीई वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, ऑटोकम्प्लीट आणि ब्रेकपॉइंटसाठी (प्रोग्राम मधेच थांबवून तपासायला) मीही तोच वापरतो.

"टर्मिनलवर वेळ जास्त जातो." मॅट्रिक्सचा प्रोग्राम तपासताना दर वेळी नऊ-नऊ आकडे हाताने टाइप करणारी पोरं बघितलीत का? तेच आकडे एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहा, प्रोग्रामच्या नावापुढे लेस-दॅनचं चिन्ह (<) आणि त्या फाईलचं नाव द्या, एंटर. कोड बदलला की वरचा बाण दाबून कंपाइलची कमांड, मग रनची, दोन्ही जुन्याच, काही टाइप करायचं नाही. ग्रेटर-दॅन (>) लावून उत्तर दुसऱ्या फाईलमध्ये घ्या आणि अपेक्षित उत्तराच्या फाईलशी डिफ या कमांडने ताडून बघा, काहीच छापलं नाही म्हणजे दोन्ही जुळली.