जाड सूर, पातळ सूर

बेस गिटार वाजवणाऱ्याच्या घरी पाहुणे आले की एक वाक्य ठरलेलं, "अरे वाजवून दाखव ना काहीतरी!" आणि सगळा घोळ इथेच होतो, कारण बेस हे वाजवून दाखवायचं वाद्यच नाही, पण हे आत्याला कोण सांगणार, ती चहाचा कप खाली ठेवून चेहऱ्यावर आधीच कौतुक आणून बसलेली असते. काका विचारतात, दोन तारा तुटल्या का रे? नाही काका, चारच असतात. मग मी वाजवतो. ढुम. ढुम ढुम. ढुम. थोडं झालं की आत्या म्हणते, "हां, आता गाणं सुरू कर." आत्या, हे गाणंच आहे गं! म्हणजे गाण्याचा खालचा भाग आहे, वर कोणीतरी गातंय असं समज, शेजारी ड्रम चालू आहेत असं समज. एवढं समजून घ्यायला आत्या काही बांधील नाही, आणि मी आपला नवरा-नवरी यायच्या आधीच अंतरपाट धरून उभ्या राहिलेल्या मामासारखा.

खरं तर हे वाद्य बनवलंच मुळी ऐकू यावं म्हणून. आधी डबल बेस असायचा, माणसाहून उंच, न्यायचा-आणायचा त्रास वेगळा आणि एवढं करून बँडच्या दणदणाटात बिचारा बुडून जायचा. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने प्रिसिजन बेस काढला, गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, अँप्लिफायरला जोडायचा, आणि दांडीवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे सूर नेमका लागायचा म्हणून नाव प्रिसिजन. म्हणजे आता प्रश्न मिटला ना? कसला मिटतोय. १९८८ मध्ये मेटॅलिकासारख्या बँडचा आख्खा अल्बम आला, '...अँड जस्टिस फॉर ऑल', आणि त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस मिक्समध्ये इतका खाली ढकललेला की लोक अजून हेडफोन लावून शोधतायत. जगभर खपलेल्या अल्बममध्ये ही गत, तर आमच्या साउंडवाल्याला मी काय बोलणार.

त्यात प्रत्येक बेसवाल्याला कधीतरी जॅको पास्टोरियस नावाचा अमेरिकन जॅझ बेसवाला भेटतो आणि मग डोकं फिरतं. १९७६ चा त्याचा पहिला अल्बम, त्यातला पहिलाच ट्रॅक, फक्त बेस आणि कोंगा (हाताने वाजवायचे उंच ड्रम), आणि सॅक्सोफोनवर वाजवताना दम लागेल अशी बीबॉपची, म्हणजे वेगवान जॅझची, धून हा माणूस बिनफ्रेटच्या बेसवर सरसर वाजवतोय. ते ऐकलं की ढुम ढुममध्ये मन रमत नाही. आणि तेवढं लांब तरी कशाला जायचं, आपल्या मुंबईची मोहिनी डे आहे की, वडीलही बेसवालेच, तिचे व्हिडिओ मी अर्ध्या स्पीडवर लावून बघतो आणि तरी बोटं कुठून कुठे गेली ते कळत नाही.

तर अशाच भारावलेल्या दिवसांत एका लग्नाच्या संगीतात मी बँडकडून सोलो मागून घेतला. कीबोर्डवाला मोठ्या मनाने म्हणाला, घे रे आठ बार, म्हणजे तालाचे आठ फेरे. माझी वेळ आली, ड्रमर नुसत्या हाय-हॅटच्या झांजांवर आला, गिटारवाला पाणी प्यायला गेला, कीबोर्डवाल्याने मोबाईल काढला. मी वरच्या फ्रेट्सवर चढलो आणि एकदम काहीतरी विचित्र झालं, नाचणारे लोक थांबले. बेस वर गेला की खाली कोणीच उरत नाही ना! लोकांना काय गेलं ते सांगता येत नाही पण पाय बरोबर थांबतात. गाणं संपलं असं समजून दोन-चार टाळ्या पडल्या, नवरीच्या काकांनी माइक घेऊन जेवण तयार असल्याचं जाहीर केलं, आणि साउंडवाल्याला वाटलं स्पीकरमधून कुठूनतरी घूं घूं आवाज येतोय म्हणून त्याने माझ्याच आवाजाचं बटण खाली ओढलं. उरलेले बार मी स्वतःच्या समाधानासाठी वाजवले.

आमचे नाना तबल्याचे भक्त, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे म्हणजे तू लेहरा धरणारा." मला पटलंच एकदम! तबलाही साथीचंच वाद्य, पण तासतासभर सोलो रंगतो, आणि तेव्हा शेजारी एक जण पेटीवर सोळा मात्रांची तीच ओळ इमानदारीत फिरवत बसलेला असतो, पोस्टरवर त्याचं नाव बारीक अक्षरात. आता बेसवालाच सोलोला निघाला तर लेहरा कोण धरणार? जॅकोला कोंगावाला होता. माझ्याकडे लूपर आहे, पैसे मोजून घेतलेलं पेडल, त्यावर आधी मीच ढुम ढुम रेकॉर्ड करतो आणि मग त्यावर मीच सोलो वाजवतो. स्वतःचीच साथ करायची, मानधन शून्य.

बरं ज्या स्लॅपवर, म्हणजे तारा आपटून-खेचून वाजवण्यावर, आज सगळे स्टेजवर भाव खातात तो आला कुठून माहितीये? लॅरी ग्रॅहम हा अमेरिकन बेसवाला आईबरोबर क्लबात वाजवायचा आणि ड्रमर नव्हता, म्हणून अंगठा आपटून किक ड्रमचा ठोका आणि तार खेचून स्नेअर ड्रमचा. नसलेल्या माणसाचं काम भरून काढत होता हो तो, शो ऑफ नंतर आला. आणि जेम्स जेमरसन तर साठच्या दशकात डेट्रॉईटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या हिटमागून हिट गाण्यांवर उजव्या हाताच्या एकाच बोटाने बेस वाजवत होता, रेकॉर्डवर नावसुद्धा छापत नव्हते, आणि त्या ओळी ऐका तर गायकाच्या खाली राहून इतकं गातात की सोलो वेगळा कशाला हवा असं वाटतं. मला विचाराल तर मी जेमरसनच्या पार्टीतला. जॅको ऐकायला. वाजवायला जेमरसन.

पण हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मान्य नाही. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा सूर निघतो, मोबाईलच्या स्पीकरला तो झेपत नाही पण सोसायटीच्या स्लॅबला मस्त झेपतो. परवा काकू वर आल्या, म्हटलं आता तक्रार. तर अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुझा तो जाड सूर लागला ना, की आमच्या साखरेच्या डब्याचं झाकण वाजतं. ते पातळ पातळ वाजवतोस ना, वरचं, ते वाजव की, छान वाटतं." म्हणजे अख्ख्या पुण्यात माझ्या सोलोचा एकच चाहता, तोही डब्यामुळे. शेवटी तह झाला, सात ते साडेसात जाड, तेवढा वेळ काकू डबा ओट्यावरून काढून गादीवर ठेवणार, त्यानंतर फक्त पातळ. आता रोज रात्री पातळच वाजवून वाजवून बोटांना तीच सवय लागलीये, आणि ड्रमर प्रॅक्टिसला विचारतोय की तुला जॅकोचं भूत परत कुठे भेटलं.