किल्लारीला म्युझियम हवं का?

वाद वकिलानं उकरला. भुजचं स्मृतिवन, म्हणजे तिथल्या २००१ च्या भूकंपाचं स्मारक आणि म्युझियम, बघून आल्यापासून त्याचं एकच टुमणं. "भुजियो डोंगरावर ४७० एकर, राव! आत भूकंपाचा हादरासुद्धा अनुभवायला मिळतो. आणि आपल्याकडं? किल्लारीत ९३ च्या भूकंपाचा स्मृतिस्तंभ. ३० सप्टेंबर आला की हार घालायचे, झालं."

"मग जत्रेतला पाळणाच आणा की," मास्तर म्हणाले. आकड्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. "आपला भूकंप ६.२ चा. सहाच्या वरचे जगात वर्षाला शंभरावर होतात. सगळीकडं हजारो माणसं मरतात का? त्यात नकाशावर आपण सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतो. इथं एवढी का मेली, ते दाखवा."

तेवढ्यात गवंडीमामा सरसावले. "माळवद दाखवा, वर मातीचं जाड छप्पर असलेलं आपलं जुनं घर. बाहेरून भिंत देखणी, आत नुसते गोटे आन् चिखल. आतल्या-बाहेरच्या थराला सांधणारा आडवा दगड सापडला तर शपथ. हादरा बसला की भिंत फुगती, दोन्ही थर सुटत्यात, अन् वरची सगळी माती अंगावर."

"पण वर एवढी माती कशाला?" बाळ्यानं विचारलं. त्याचा जन्म ९३ नंतरचा.

"उन्हाळ्यात घर गार राहतंय. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर. आज्याची माती, त्यावर बापाची, त्यावर आपली."

मला हे पटलं. अशी एक भिंत उभी कापून ठेवली तर पोरांना पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

चहावाले काका मात्र गप्प होते. ते पुनर्वसित गावातले. "अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून निजलो होतो आम्ही," ते म्हणाले, "पहाटे चारच्या आत गाव संपलं. आता तिकीट काढून लोक बघायला येणार व्हय?"

"भुजला मेलेल्यांची नावं कोरलीत, काका," वकील म्हणाला.

"नावं कोरा की. आमच्या घरात डोकावू नका."

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. शेवटी मामांनीच तोड काढली: कुणाचं घर नको, जुन्या पद्धतीची नवी भिंत बांधू, शेजारी आडवे दगड घातलेली दुसरी. काकांनी मान हलवली. होकार होता की नाही, कळलं नाही.

एवढं जमत आलं होतं, तर वकील म्हणाला, "मग लातुरातच बांधू. किल्लारीला कोण जातंय?" मास्तर असे भडकले की विचारू नका.