ट्रॅक्टर पाण्यावर चालत नाही, आणि चालतो असे सरकारनेही म्हटलेले नाही

गेल्या आठवड्यात अमळनेर तालुक्यातून माझ्या मामांचा फोन आला. "भाचा, आते ट्रॅक्टर पानीवर चालस. सरकारनी योजना शे," असे ते मोठ्या आनंदाने सांगत होते, आणि कापसाच्या पैशांतून एका विक्रेत्याला दोन हजार रुपये इसार देऊन मोकळेही झाले होते. ज्या मेसेजवर त्यांनी विश्वास ठेवला तो मलाही तीन गटांवर आला आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले असून त्यातून शेतकऱ्यांना ट्रॅक्टरचे हायड्रोजन किट निम्म्या किमतीत मिळणार आहे, किटमध्ये एक लिटर पाणी घातले की ट्रॅक्टर दिवसभर चालतो, नितीन गडकरी स्वतः अशाच गाडीतून संसदेत गेले, आणि २०३० पर्यंत पेट्रोल पंप बंद होणार असल्याने नोंदणी आत्ताच करावी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्याच घरातला माणूस या मजकुराला फसतो, हे मला सहन झाले नाही, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा पैशांचा. १९,७४४ कोटींचा आकडा खरा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी या मिशनला मंजुरी दिली आणि त्याच महिन्यात नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याचा सविस्तर दस्तऐवज प्रसिद्ध केला. तो कोणालाही वाचता येतो आणि मी तो वाचला आहे. त्यातले १७,४९० कोटी रुपये देशात इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेच्या साहाय्याने पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणारी यंत्रे, तयार करणाऱ्या आणि हरित हायड्रोजनचे, म्हणजे मुख्यतः सौर, पवन अशा स्वच्छ विजेवर काढलेल्या हायड्रोजनचे, उत्पादन करणाऱ्या उद्योगांना प्रोत्साहन म्हणून आहेत. १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांसाठी, ४०० कोटी संशोधनासाठी आणि उरलेले ३८८ कोटी मिशनच्या इतर कामांसाठी आहेत. वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याची क्षमता २०३० पर्यंत उभी करायची, आणि त्यासाठी सुमारे १२५ गिगावॉट सौर, पवन अशी नवीकरणीय वीज वाढवायची, हे त्याचे उद्दिष्ट आहे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला किट बसवून देण्याची तरतूद त्यात कुठेही नाही. खरा आकडा घेऊन त्याला खोटी योजना चिकटवली आहे आणि लोक फसतात ते नेमके त्या खऱ्या आकड्यामुळे.

आता किटविषयी, कारण सगळ्यात मोठा अनर्थ इथे आहे. मामांनी मला विक्रेत्याने पाठवलेला व्हिडिओ दाखवला. जाड प्लॅस्टिकची एक बरणी, तिच्यात पोलादी पत्र्यांचा जुडगा, पाण्यात मिसळलेले कॉस्टिक (कातडी भाजून काढणारा क्षार), बॅटरीकडून आलेल्या दोन वायरी, आणि वरून निघून इंजिनच्या एअर फिल्टरच्या पाइपात शिरलेली एक रबरी नळी, एवढेच ते यंत्र आहे. बरणीत बुडबुडे येताना दिसतात आणि ते बुडबुडे खरेच हायड्रोजन व ऑक्सिजनचे असतात, हे मी नाकारत नाही. प्रश्न असा आहे की ते बुडबुडे काढायला लागणारी वीज कोठून आली? ती डायनामोने दिली, डायनामो इंजिनने फिरवला आणि इंजिन डिझेलवर फिरले.

हिशेब करून पाहू. डायनामोने १२ व्होल्टला ३० अँपिअर दिले, तर ते ३६० वॉट झाले. मोठ्या कारखान्यातल्या चांगल्या इलेक्ट्रोलायझरलाही एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. आपल्या शेतातली पाच अश्वशक्तीची मोटर जवळपास बारा तास चालेल एवढी ही वीज आहे. बरणी त्या कारखान्याइतकीच चांगली आहे असे उदारपणे धरले, तरी तासाभरात जेमतेम ७ ग्रॅम हायड्रोजन निघेल आणि त्यातली ऊर्जा साधारण २४ मिलिलिटर डिझेलइतकी, म्हणजे पळीभर डिझेलची असेल. तीच ३६० वॉट वीज तासभर देण्यासाठी, इंजिन आणि डायनामोमधली घट धरता, सुमारे २०० मिलिलिटर डिझेल जाळावे लागते. पेलाभर डिझेल जाळून पळीभर डिझेलचे काम मिळवायचे, आणि त्यासाठी वर किटचेही पैसे मोजायचे, असा हा व्यवहार आहे.

मुळात पाणी हे इंधन नाहीच. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरते ते पाणी. लाकडाची जशी राख, तसे हायड्रोजनचे पाणी. राख चुलीत घालून भाकरी भाजता येत नाही. पाण्यातून हायड्रोजन परत मिळवायचा तर तो जळताना जेवढी ऊर्जा मिळाली, निदान तेवढी पुन्हा खर्च करावीच लागते, आणि प्रत्यक्षात तिच्याहून बरीच जास्त लागते. 'पाण्यावर चालणारी गाडी' ही काही नवी कल्पनाही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनले मेयर यांनी अशीच गाडी दाखवून गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले होते आणि १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने तो प्रकार फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले.

मात्र माझी खरी काळजी पैशांची नाही. त्या बरणीत आणि नळीत हायड्रोजन व ऑक्सिजन आधीच एकत्र मिसळलेले असतात, पेट घ्यायला बाहेरची हवासुद्धा लागत नाही. इंजिनकडून ज्योत नळीतून मागे शिरली की क्षणात बरणी फुटते आणि आतले कॉस्टिक समोरच्या माणसाच्या तोंडावर, डोळ्यांत जाते. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतही नाही. मामांचा ट्रॅक्टर खळ्यात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजीशेजारी उभा असतो आणि त्यावर नातवंडे चढून खेळतात, हे मला माहीत आहे. त्यातून गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. ती नसताना अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यातही अडचण उभी राहू शकते. विक्रेत्याने मामांना यातले एक अक्षरही सांगितले नव्हते.

गडकरींच्या गाडीची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. ३० मार्च २०२२ रोजी ते टोयोटाच्या मिराई गाडीतून संसदेत गेले होते आणि ती गाडी हायड्रोजनवरच चालते; हायड्रोजन न जाळता ती त्यापासून वीज बनवते आणि त्या विजेवर धावते. पण त्या गाडीत पाणी भरत नाहीत. तिच्यात ७०० बार दाबाच्या मजबूत टाक्यांत हायड्रोजन भरावा लागतो (आपल्या सीएनजीचा दाब २०० बारच्या आसपास असतो) आणि पाणी निघते ते मागच्या बाजूने, वापर झाल्यावर. मेसेज लिहिणाऱ्याने बाहेर पडणारे पाणी आत घातले आहे. हायड्रोजन थेट जाळणारी इंजिनेही असतात, हेही खरे. मार्च २०२५ मध्ये मिशनखाली मंजूर झालेल्या पाच प्रायोगिक वाहतूक प्रकल्पांत ३७ बस व ट्रक आहेत, त्यांपैकी २२ अशा इंजिनांचे आहेत आणि त्यांच्यासाठी हायड्रोजन भरण्याची ९ केंद्रे ठरली आहेत. सगळ्या देशात मिळून ३७ वाहनांची ही चाचणी आहे. त्यामुळे २०३० मध्ये पेट्रोल पंप बंद होण्याच्या भाकितावर मी अधिक शब्द खर्च करत नाही.

या मेसेजला उत्तर म्हणून त्याच गटांवर दुसरा मेसेज आला, की हे मिशन तापी आणि गिरणा पिऊन टाकणार. तोही तपासून पाहिला. एक किलो हायड्रोजनमागे ९ लिटर पाणी लागते, म्हणजे ५० लाख टनांना साडेचार कोटी घनमीटर, सुमारे १.६ टीएमसी. शुद्धीकरण आणि थंड करण्याचे पाणी धरून ते तिप्पट मानले तरी पाच टीएमसीच्या आत राहते, तर एकट्या गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी आहे. मात्र या मेसेजमागची भीती मी पूर्णपणे झटकणार नाही. देशाच्या हिशेबात थोडे असलेले पाणी एखाद्या टंचाईच्या तालुक्यातून उचलले, तर तिथे ते थोडे राहत नाही, आणि कोणत्याही प्रकल्पाची जागा ठरण्याआधी गावाने हे विचारलेच पाहिजे.

शेतकऱ्याचा या मिशनशी खरा संबंध ट्रॅक्टरपेक्षा खताच्या गोणीतून येतो आणि त्याबद्दल दोन्ही मेसेज गप्प आहेत. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीमागे अमोनिया तयार करताना साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्या वायूचा मोठा भाग आपण आयात करतो. दर किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो वेगळाच. मिशनला हे बदलायचे आहे. खत कारखान्यांसाठी वर्षाला ७.२४ लाख टन हरित अमोनियाची खरेदी त्यासाठीच ठरवली आहे. मात्र वीज स्वच्छ असली तरच यात अर्थ आहे. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातल्या कोळशाच्या विजेवर हायड्रोजन काढला, तर वायूपासून काढण्यापेक्षा कितीतरी जास्त धूर होईल. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने एका किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घालून 'हरित' शब्दाची व्याख्या पक्की केली.

मामांना मी एवढे सगळे फोनवर सांगितले नाही. विक्रेत्याला खळ्यात बोलवा, त्याच्यासमोर डिझेलची नळी काढा, बरणीत पाणी भरा आणि ट्रॅक्टर सुरू करून दाखवायला सांगा, इतकेच सांगितले. मामांनी त्याला तसे कळवले. तो "पुढच्या सोमवारी येतो" म्हणाला होता. तो सोमवार होऊन गेला, आणि इसाराचे दोन हजार अजून त्याच्याकडेच आहेत.