तिसाला तिसाच म्हणा

डिसेंबरात नागपूरला आलो होतो. काटोल रोडला, गोरेवाड्याच्या पुढे, विजेच्या तारेवर तिसा हा शिकारी पक्षी बसलेला दिसला. दुर्बीण पुतण्याच्या हाती दिली. पांढरट डोळा, पांढऱ्या गळ्यावर मधोमध काळसर रेघ, चोचीच्या मुळाशी नारिंगी. नजर खाली गवतात, नाकतोड्यांवर.

"काका, हा कोणता पक्षी होय?"

"तिसा."

"पण पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर तर व्हाइट-आयड बझर्डच लिहायला सांगतात."

पक्षीवाल्या मित्रांत हा वाद जुनाच आहे. शिकारी पक्ष्यांत कोणी शिक्र्यालाही ससाणा म्हणतं, कोणी फक्त बहिरीला; बाज तर कशालाही. म्हणून मराठी नावं सोडा, इंग्रजी धरा, म्हणजे घोळ नको, असं त्यांचं म्हणणं. घोळ आहे, हे मला मान्य आहे.

पण मी अमेरिकेत, ओहायोत राहतो. इथल्या हिंकली गावात दर मार्चला 'बझर्ड' परतल्याचा उत्सव होतो, आणि ती असतात गिधाडं! इंग्लंडात बझर्ड म्हणतात त्याचाच भाऊबंद इथे लाल शेपटीचा 'हॉक' होतो. घोळ इंग्रजीतही तेवढाच आहे. फक्त त्यांनी त्यापायी आपली नावं टाकून दिली नाहीत.

आणि तिसाचं शास्त्रीय नाव बघा: ब्युटास्टर तीसा. ब्युटिओ म्हणजे बझर्ड, अ‍ॅस्टर म्हणजे हॉक, दोन्ही जोडून केलेलं. पुढचं 'तीसा' मात्र आपल्याकडचं, हिंदीतून उचललेलं. शिक्रा हा शब्दही इंग्रजीनं आपल्याकडूनच नेला. २०२४ मध्ये शिक्र्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅक्सिपिटरवरून टॅकिस्पायझावर गेलं, शिक्रा शिक्राच राहिला.

पक्षी स्वतः तरी कुठे नावांच्या कुंपणात राहतात? पूर्व युरोपात मोठा ठिपकेदार गरुड आणि छोटा ठिपकेदार गरुड जोडी जमवतात, पिल्लं संकरित होतात. मोठा आधीच दुर्मिळ, त्यात जोडीदार मिळेना, म्हणून हे वाढतंय. हिवाळ्यात आपल्याकडे येतो तो हाच मोठा. त्याची मला खरंच काळजी वाटते. अशा संकराची नोंद करताना शास्त्रीय नावच लागतं, तिथे मित्रांचं बरोबर आहे.

पण मुलांसाठी तलावांवर पाट्या लावाल, तेव्हा वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव लिहा. घोळ असेल तिथे बसून निस्तरू: ससाणा बहिरीच्या भाऊबंदांना, शिक्रा शिक्र्याला. आणि कृपा करून 'श्वेतनेत्री बाज' असलं नवं काही घडवू नका. तिसा आहे की.